आधी पानं मोजा, मग पैसे: जुनी वैद्यकीय आणि जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं जमवण्याची रीत

‘१९०१ चं आहे, घेऊ का?’ असं विचारणारे फोटो सारखे येतात. फोटोत पुठ्ठा असतो आणि शीर्षकपान असतं. एवढ्यावरून पुस्तकाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पाठ्यपुस्तक वापरून झिजवण्यासाठीच छापलेलं असतं. विद्यार्थी त्यातली चित्रं कापून भिंतीला लावतो, बाइंडर पुन्हा बांधताना जाहिरातींची पानं टाकून देतो, आणि नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते. त्यामुळे कादंबरी किंवा कवितासंग्रह पारखायची सवय इथे पुरत नाही.

लोक पुस्तकं कमी ओळखतात म्हणून चुका होतात असं नाही. बहुतेक चुका क्रमाच्या असतात: आधी खरेदी, मग चौकशी, मग दुरुस्ती, आणि सगळ्यात शेवटी कधीतरी पानं मोजणं. खाली दिलेल्या क्रमात चौकशी आणि पानं मोजणं खरेदीच्या आधी येतं.

१. कपाटाआधी आवाका ठरवा

‘जुनी मेडिकलची पुस्तकं’ हा विषय होत नाही. तेवढ्यावर निघालात तर वर्षभरात घरात वेगवेगळ्या खंडांची, एकमेकांशी संबंध नसलेली रास होईल. आवाका एका वाक्यात लिहा. काही नमुने:

- एकाच पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या. हेन्री ग्रेचं शरीररचनेचं पुस्तक १८५८ मध्ये लंडनला निघालं. त्याची पहिली आवृत्ती आपल्या आवाक्याबाहेरची, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या आवृत्त्या मिळू शकतात.
- एकच विषय, एकच प्रदेश. उदाहरणार्थ, पश्चिम भारतातल्या वनस्पती आणि औषधी.
- एकच संस्था. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवली गेलेली पुस्तकं, किंवा गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेतली पोर्तुगीज पुस्तकं.
- एकच माणूस. ग्रेच्या पुस्तकातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता. त्याने इथल्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. मायसेटोमा या पायाच्या रोगावरचा १८७४ चा ग्रंथ त्यातलाच.

माझं मत विचाराल तर नव्या संग्राहकाने एकोणिसाव्या शतकातली मराठी वैद्यकीय आणि शालेय जीवशास्त्राची पुस्तकं घ्यावीत. इंग्रजी पुस्तकं जगभरच्या ग्रंथालयांत जपलेली आहेत. मराठीतलं शरीरशास्त्राचं किंवा सुईणींसाठी लिहिलेलं पुस्तक रद्दीत गेलं, तर कदाचित ती शेवटची प्रत असते.

२. पुस्तक पाहायला जाण्याआधी त्याचं ओळखपत्रक तयार करा

ही पायरी लोक हमखास गाळतात. तुमच्या आवाक्यातल्या प्रत्येक पुस्तकासाठी एक पान करा. इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट, वेलकम कलेक्शन आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी इथे जुन्या पुस्तकांचे स्कॅन फुकट पाहता येतात. वैद्यकीय ग्रंथांपैकी महत्त्वाचे कोणते, हे गॅरिसन-मॉर्टन या सूचीत सापडतं, आणि तीही ऑनलाइन आहे.

पत्रकावर एवढं उतरवा: शीर्षकपानावरचा मजकूर जसाच्या तसा, प्रकाशक, गाव, साल, आवृत्तीचा क्रमांक. सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं किती, पुढची किती. प्लेटा, म्हणजे वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात बसवलेली चित्रं, किती, त्यांतल्या रंगीत किती. शेवटी जाहिराती आहेत का. किती खंड. पुस्तकातच प्लेटांची यादी छापलेली असेल तर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

*खबरदारी:* स्कॅन केलेली प्रतही अपुरी असू शकते. घडीचे मोठे तक्ते स्कॅन करणाऱ्याने उलगडलेलेच नसतात. शक्य असेल तिथे दोन वेगळ्या ग्रंथालयांच्या प्रती पाहा.

पिशवीत ठेवायचं सामान थोडकंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, फूटपट्टी, पेन्सिल, दोन-चार मोठ्या झिपच्या पिशव्या. पेन नको. जुन्या पुस्तकाजवळ शाई न्यायचीच नाही.

३. आवृत्ती ओळखा: साल म्हणजे आवृत्ती नव्हे

आता प्रत हातात आहे. शीर्षकपानापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका.

इंग्रजी पुस्तकांवर साल बहुधा रोमन आकड्यांत असतं. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं तर वजा करायचं. म्हणून ‘एक्ससी’ म्हणजे ११० नव्हे, ९०. या एका चुकीने पुस्तक वीस वर्षं तरुण किंवा म्हातारं होतं.

जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८१० म्हणजे १८८८. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे इंग्रजी जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. गुजराती किंवा हिंदी पुस्तकावर विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा. शीर्षकपान फाटलेलं असेल तर ‘सन १८६७ चा आक्ट २५’ प्रमाणे पुस्तक नोंदल्याची ओळ आत कुठे आहे का, ते शोधा. ती असेल तर पुस्तक १८६७ च्या आधीचं असूच शकत नाही.

पुढे शीर्षकपानाची मागची बाजू. ‘पहिली आवृत्ती अमुक साली, पुनर्मुद्रण अमुक साली’ अशी यादी तिथे असते. विकणारा त्यातलं सर्वांत जुनं साल सांगतो. तुमच्या कामाचं साल यादीतलं शेवटचं. प्रस्तावनेखालची तारीख आणि शेवटच्या जाहिरातींवरची तारीख पाहा. शीर्षकपानावर १८९२ आणि जाहिरातींत १८९६ ची पुस्तकं असतील, तर ही प्रत उशिरा बांधलेली किंवा पुन्हा छापलेली आहे.

आपल्याकडे वारंवार पडणारे सापळे:

*ग्रेचं १९०१ चं पुस्तक.* १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीची हुबेहूब नक्कल १९७० च्या दशकात मोठ्या संख्येने छापली गेली. जाडजूड, सोनेरी अक्षरांची, बघताक्षणी जुनी वाटणारी. आतल्या शीर्षकपानावर सगळा मजकूर जुनाच. ‘आजोबांचं ग्रे’ म्हणून दाखवलं जातं ते बऱ्याचदा हेच.

*कुकचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ.* थिओडोर कुकचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागांनी निघाला आणि दोन खंडांत बांधला गेला. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९५८ मध्ये तो तीन खंडांत पुन्हा छापला. समोर तीन खंड असतील तर बाकी काही न पाहता पुनर्मुद्रण समजा. अभ्यासाला ते उत्तमच आहे, पण किंमत त्याच्याच हिशेबाने द्या.

*कीर्तिकर आणि बसूंचा औषधी वनस्पतींचा ग्रंथ.* १९१८ मध्ये अलाहाबादला निघालेला. १९३३ ते ३५ दरम्यानची सुधारलेली आवृत्ती मजकुराचे चार आणि चित्रांचे चार अशा आठ खंडांची. मजकूर एका घरात आणि चित्रं दुसऱ्या घरात गेलेली असतात. ‘पूर्ण संच’ म्हणून फक्त मजकुराचे चार खंड विकले जातात. नंतरची पुनर्मुद्रणंही बाजारात भरपूर आहेत.

*इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या स्वस्त आवृत्त्या.* १९६० नंतरच्या. आपल्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या यांच्यावर शिकल्या, त्यामुळे जुन्या दवाखान्यांत त्या हमखास सापडतात. पण या पुस्तकांना अजून पुराण्या ग्रंथांची किंमत नाही.

*जुन्या स्कॅनवरून मागणीनुसार छापलेल्या प्रती.* ऑनलाइन विक्रीत ‘१८९०, हार्डबाउंड’ असं लिहिलेलं आणि फोटोत कोरा करकरीत निळा पुठ्ठा. आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची पद्धतच १९६० च्या दशकाच्या शेवटी आली. पुस्तकावर तो क्रमांक किंवा बारकोड असेल, तर ती प्रत एकोणिसाव्या शतकातली नाही. वाद घालायचंही कारण नाही.

छपाईतल्या चुकांवरून पहिली प्रत ओळखण्याचा काहींना फार सोस असतो. विल्यम ऑस्लरच्या १८९२ च्या वैद्यकाच्या पुस्तकात प्लेटोच्या ‘गॉर्जिअस’ या संवादाचं नाव चुकून ‘जॉर्जिअस’ छापलं गेलं, आणि पहिल्या छपाईची ती एक खूण मानली जाते. खूण खरी आहे, पण हुबेहूब नकलेत ही चूकही हुबेहूबच येते. म्हणून आधी कागद तपासा, चूक मागाहून.

*इथे थांबून पाहा:* भिंगाखाली एक रंगीत चित्र धरा. दगडावरून छापलेल्या जुन्या रंगीत चित्रात अनियमित दाणे आणि सपाट रंगांचे थर दिसतात. निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची नीट रांगोळी दिसली तर छपाई आधुनिक ऑफसेटची आहे. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. तिरक्या उजेडात धरा, बोटालाही लागतो.

४. पानं मोजा, एकेक

संपूर्ण लेखातली ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत गरजेची पायरी. पाचशे पानांच्या पुस्तकाला अर्धा तास लागतो. दुकानदार कुरकुर करेल. त्याला आधीच सांगा की पूर्ण असेल तर घेणार आहे.

पानांचे आकडे पाहत सरळ पुढे जा. आकड्यांवर शंका आली तर पानाच्या तळाशी फर्म्याचं, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचं, अक्षर पाहा. इंग्रजी पुस्तकांत बहुधा दर सोळा पानांनी अक्षर बदलतं. मजकूर बऱ्याचदा ‘बी’पासून सुरू होतो, कारण ‘ए’ सुरुवातीच्या पानांना दिलेलं असतं. ‘जे’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरं मुद्रक वापरतच नसत. ‘आय’नंतर थेट ‘के’ आलं म्हणून फर्मा गहाळ समजू नका.

मग प्लेटा. त्यांना पानांचे आकडे नसतात, म्हणून त्या गेल्या तरी आकड्यांची ओळ तुटत नाही. यादीशी एकेक जुळवा. पुस्तक शिवणीपाशी उघडून पाहा. कापून काढलेल्या चित्राची अरुंद पट्टी तिथे उभी राहिलेली दिसते. मात्र प्लेट बसवण्यासाठी बाइंडरनेही तशीच पट्टी ठेवलेली असते, तेव्हा पट्टी दिसली की घाबरण्याआधी यादी पाहा. प्लेटेवरचा पातळ झिरमिरीत कागद शाबूत असेल तर उत्तम. नसेल तर समोरच्या पानावर चित्राची सावली उमटलेली असते.

शरीररचनेच्या काही पुस्तकांत उघडझाप करणारी कागदी चित्रं असतात. वरचा थर उचलला की स्नायू, त्याखाली फुप्फुसं, त्याखाली हृदय. ही चित्रं असलेल्या पुस्तकात प्रत्येक झडप मोजा. यकृत नसलेला माणूस फार वेळा भेटतो.

गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्या सोडवायला जाऊ नका. पाणी लागून वाळलेला तो कागद वीट होतो. ओढला की दोन्ही चित्रं जातात. अशी प्रत तुमच्या दृष्टीने अपुरीच समजा.

शेवटी कागद. १८५० च्या आधीचा चिंध्यांपासून केलेला कागद बहुधा अजून मऊ आणि मजबूत असतो. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद वाढत गेला, आणि तो आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. कोपरा दुमडून पाहायची युक्ती काही लोक सांगतात. दुसऱ्याच्या पुस्तकावर ती करू नका, स्वतःच्याही नको. पान उलटताना होणारा कुरकुर आवाज आणि मांडीवर पडणारा चुरा पुरेसं सांगतो.

*ऑनलाइन घेत असाल तर हे फोटो मागा:* शीर्षकपानाच्या दोन्ही बाजू, प्लेटांची यादी, पहिली आणि शेवटची प्लेट, शेवटचं छापील पान, दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजू, वरून घेतलेला कण्याचा (शिवणीकडच्या बाजूचा) फोटो. ‘सर्व पानं आणि सर्व प्लेटा आहेत’ हे वाक्य लिहून घ्या. ‘स्थिती चांगली’ या शब्दांचा काही अर्थ नसतो.

५. मालकी, मग किंमत

ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर ‘निर्लेखित’ किंवा रद्द केल्याचा शिक्का शोधा. महाविद्यालयं जुनी पुस्तकं रीतसर निर्लेखित करून विकतात, आणि तशी प्रत घ्यायला हरकत नाही. तो शिक्का नसेल तर कागद मागा किंवा पुस्तक खाली ठेवा. शिक्का खरवडलेला किंवा त्यावर कागद चिकटवलेला असेल तर दुकानातून बाहेर पडा.

विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, कॉलेज, समासातल्या टिपा यांना डाग समजणारे लोक अजून आहेत. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मी उलट म्हणेन. एखाद्या विद्यार्थ्याने शवविच्छेदनाच्या दिवशी समासात पेन्सिलीने केलेली नोंद हीच त्या प्रतीला दुसऱ्या प्रतीपासून वेगळं करते.

किमतीबद्दल एवढंच: मागितलेल्या किमती पाहू नका, पुस्तक प्रत्यक्षात विकलं गेलं ती किंमत पाहा. अपुऱ्या प्रतीची किंमत पूर्ण प्रतीच्या निम्मी नसते, त्याहून बरीच कमी असते. परदेशातून मागवत असाल तर टपाल आणि सीमाशुल्क धरून आकडा काढा. मुंबईत फाउंटन, माटुंग्याचं किंग्ज सर्कल आणि चोरबाजार, पुण्यात अप्पा बळवंत चौक इथे घासाघीस चालते, पण ती सगळ्यात शेवटी. पानं मोजताना सापडलेलं प्रत्येक न्यून तुमच्या बाजूने बोलतं. नीट ओळख ठेवलेला रद्दीवाला या सगळ्यांहून उपयोगी. निवृत्त डॉक्टरांची घरं रिकामी होताना पहिला बोलावला जातो तो तोच.

*खबरदारी, परदेशस्थ वाचकांसाठी:* १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू, आणि शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मूल्याची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं व दस्तऐवज, खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत. आजोबांच्या हाताने काढलेल्या आकृत्यांची वहीसुद्धा यात येऊ शकते. बॅगेत टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे लेखी विचारणा करा. वस्तू पुरावस्तूत मोडत नसल्याचा दाखला तिथे मिळतो.

६. घरी आल्यावर थेट कपाटात नाही

नवं आलेलं पुस्तक इतर पुस्तकांपासून दूर, झिपच्या पिशवीत ठेवा. पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच टकटक करा. बारीक भुकटी पडली, आणि पुसल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पडली, तर आत कीड जिवंत आहे. कसर असेल तर पानांचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो. वाळवीची मातीची नळी दिसली तर पुस्तक घरात आणूच नका.

किडीवर घरगुती उपाय थंडी. पुस्तक कागदात गुंडाळून पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट पानांवर जमेल. फ्रीजचा साधा बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसेल तर या कामाचा नाही. थंडीने बुरशी मरत नाही, फक्त थांबते. बुरशी पूर्ण वाळू द्या आणि मग घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. उन्हात पसरून ठेवायची आपली जुनी सवय पापड-कुरडयांपुरती ठेवा. कडक उन्हात पुठ्ठे वाकतात आणि शाई उडते.

*धोका:* १८४० ते १८६० च्या दशकांतल्या, भडक पाचूसारख्या हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्यांत आर्सेनिकयुक्त रंग असू शकतो. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने अशा पुस्तकांची सूचीच चालवली आहे. असं कापड दिसलं तर हातमोजे घाला, पुस्तक बंद पिशवीत ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि वाचताना बोटाला थुंकी लावू नका. ही शेवटची सूचना सगळ्याच जुन्या पुस्तकांना लागू आहे.

७. दुरुस्ती: जवळजवळ नेहमी ‘नको’

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, स्टेपलर यांतलं काहीही नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. फेव्हिकॉल नंतर सुटत नाही, आणि जे सुटत नाही ते जुन्या कागदावर लावायचं नाही. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ चालते, पण आधी रद्दी कागदावर हात बसवा.

चामड्याचा कणा हाताला लाल-तपकिरी भुकटी लावत असेल तर चामडं कुजलं आहे. तेल किंवा बूटपॉलिश लावून ते परत येत नाही. आम्लविरहित कागदाचं वेष्टन घाला आणि सोडून द्या. सुटलेला पुठ्ठा सुती पट्टीने बांधून ठेवला तरी पुरतं.

गल्लीतल्या बाइंडरकडे द्यायचंच असेल तर पहिली सूचना ही द्या: कडा कापायच्या नाहीत. यंत्राखाली तिन्ही कडा साफ करायची त्याला सवय असते, आणि मोठ्या प्लेटांच्या आकृत्यांची नावं त्या कडांवरच असतात. जुना पुठ्ठा, जुन्या मालकाची चिठ्ठी आणि जाहिरातींची पानं परत मागून घ्या.

८. नोंद आणि पावसाळा

प्रत्येक पुस्तकाची नोंद पहिल्याच दिवशी करा: कुठून, केव्हा, केवढ्याला, काय उणं. पुस्तकात स्वतःचं नाव घालायचं तर मऊ पेन्सिलीने, शेवटच्या कोऱ्या पानावर.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा. मोठे ॲटलास आडवे, बाकीची पुस्तकं उभी, आणि हात सहज शिरेल इतकी सैल. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के असेल तर निश्चिंत राहा. ६५ च्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर तो वरच असतो. तेव्हा बंद लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर आठवड्याला गरम करून वाळवा. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ तुमच्या फुप्फुसांना आणि पुस्तकांना दोघांनाही त्रास देते. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर कापडी पुरचुंडीत. सुट्या पानांचा चुरा शिवणीत जातो आणि डाग पडतात.

पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक पुस्तक बाहेर काढून कण्याच्या वरच्या टोकाला आणि पुठ्ठ्याच्या आतल्या सांध्याला बॅटरी मारून पाहा. पांढरा बुरा तिथेच आधी धरतो.